वर्षाच्या डोक्यावरची रेघ

वाहाका शहरातल्या एका शाळेच्या भिंतीवर एवारिस्तो पेंटरने हातभर अक्षरांत स्पॅनिशमध्ये रंगवलं : 'या वर्षी प्रत्येक मूल शाळेत.' वर्ष म्हणजे 'आन्यो'. त्याच्या मधल्या अक्षरावर एक नागमोडी रेघ असते. नमुन्याच्या कागदावर माशी शिटली असेल, असं समजून निरक्षर एवारिस्तोने ती गाळली. 'आन्यो'चं 'आनो' झालं, म्हणजे वर्षाचं ढुंगण झालं. सगळा बाजार पोट धरून हसला.

तो तणतणत घरी आला. "ओदिलिया, शिडी धरून तूच उभी होतीस ना? दिसलं नाही तुला?"

"दिसलं की, पापा."

"मग तोंड शिवलं होतं का?"

"शाळेतून मला काढलंत तेव्हा तुम्हीच म्हणालात, पोरीच्या जातीला वाचून कुठे दिवे लावायचेत."