हळदकुंकवाचा कॅमेरा

यल्लव्वाचं चोरलेलं शिलाई मशीन पोलिसांना सापडलं, पण आरोपी ते आपलंच म्हणत होता. साक्षीला उरला तिच्या नवनगरातल्या दुकानाचा कॅमेरा. त्याचं चित्रण पुरावा ठरायचं, तर कॅमेऱ्याशी छेडछाड नसल्याचं प्रमाणपत्र लागतं; तिनं ते सही करून दिलं होतं. “कॅमेऱ्याला कुणीच हात लावला नाही?” आरोपीच्या वकिलांनी विचारलं. शपथ घेतलेली यल्लव्वा चाचरली. “चोरी झाली त्या दिवशी खंडेनवमी, अवजारांची पूजा होती, अण्णा. हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं.” “हीच छेडछाड,” वकील खुलले. आपल्या पूजेपायीच मशीन गेलं, तिला वाटलं. “कुंकवानं कॅमेरा बिघडत नाही. चित्रण दाखवा,” न्यायाधीश म्हणाले. पडद्यावर तोंडाला टॉवेल गुंडाळलेला चोर आला, कॅमेऱ्याकडे बघून थबकला. मग चपला काढून, टॉवेल सोडून त्यानं हात जोडले. वकिलांनी आरोपीकडे पाहिलं. तो पुटपुटला, “साहेब, पूजलेल्या वस्तूला तोंड झाकून नमस्कार कसा करायचा?”