ओढ्याअलीकडे

पोकलेन जुन्या छापखान्याच्या फाटकापाशी येऊन थांबलं आणि सगळी गल्ली त्याच्यापुढे सतरंजीवर बसली. सतरंजी जुनीच. मधली जागा काकूंसाठी राखलेली.

ओढ्यापलीकडच्या शेतांत वसाहत होणार होती, तेव्हा याच सतरंजीवर काकू यंत्रापुढे आडव्या झाल्या होत्या, शेजारी काका. शहर ओढ्याअलीकडेच थांबलं. गल्ली काकूंना तेव्हापासून वाघीण म्हणायची. आता गल्लीतच, बंद पडलेल्या छापखान्याच्या जागेवर, पाच मजली इमारत उठणार होती. काकूंच्या घराला अगदी खेटून.

काकू बाहेर आल्या. बसल्या मात्र नाहीत.

"उठा सगळे. जाऊ द्या त्याला आत."

"वाघीण म्हातारी झाली वाटतं!" शिंपी म्हणाला. दोघंचौघं हसले.

"हसा. पण ही माणसं कुठंतरी राहणारच ना रे? इथं नको म्हणालात, की ओढ्यापलीकडे जातील. मग शाळेला गाडी, दवाखान्याला गाडी, काडेपेटी आणायलाही गाडी. तो सगळा धूर परत आपल्याच डोक्यावर. शहर पसरू द्यायचं नाही, उंचही होऊ द्यायचं नाही, मग लोकांनी काय हवेत लटकायचं?"

"आणि काकांचं ऊन?"

अर्धांगवायूनं काकांचा एक हात नेला, एक पाय नेला, वाचाही नेली. उरली होती ती दक्षिणेची खिडकी. ऊन सरकेल तशी काकू त्यांची खुर्ची सरकवायच्या. एवढाच त्यांचा दिवस. इमारत झाली की त्या खिडकीत भिंत येणार होती. हे त्यांना सांगायचा धीर काकूंना झालाच नव्हता.

"विचारलंत त्यांना?" शिंप्यानं पुन्हा टोकलं.

"नाही."

सतरंजीवरचे सगळे सैलावून बसले. चालकानं इंजिन बंद केलं. "आजी, आधी घरातलं मिटवा. मग बोलवा मला."

तेवढ्यात वर खिडकी करकरली. काकांनी चांगल्या हातानं ती सताड उघडली होती. ते केव्हापासून ऐकत होते, कोण जाणे. तोंड वेडंवाकडं झालं, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. गल्ली माना वर करून बघत राहिली.

"चा... चालव!" काका चालकावर ओरडले.