कुलूपबंद प्रयोगशाळा

प्रयोगशाळेच्या दाराला नवं कुलूप होतं आणि मीटरचे फ्यूज कोणीतरी काढून नेलेले. जयाने कुलूप एकदा ओढून पाहिलं. तपासणीचे साहेब अकराला येणार होते. साडेनऊ वाजून गेलेले.

"मॅडम, काल संध्याकाळी देवरामशेठच्या ड्रायव्हरने लावलं," करिश्मा म्हणाली. ती दुसऱ्या वर्षाची, आंबिवलीहून यायची. "मी विचारलं, तर बोलला, आता उघडायची गरजच नाय."

तिच्यामागे बावीस मुलंमुली पांढरे एप्रन घालून उभी होती. व्हरांड्यात शाळेच्याच शेतातल्या टोमॅटोचे सहा क्रेट होते. आज सॉसचं प्रॅक्टिकल होतं.

देवरामशेठ संस्थेचे चिटणीस. तपासणीत प्रयोगशाळा बंद दिसली की अन्नतंत्रज्ञानाचा कोर्स जाणार, आणि कोर्स गेला की खडवलीतली ही साडेचार एकर जागा बिल्डरला द्यायला मोकळी होणार, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. मोठ्याने कोणी बोलत नव्हतं, एवढंच.

जयाने ओढणी कमरेला बांधली.

"दगड आणा. मोठे बघून आणा. चुली मांडायच्यात."

शाळेच्या कुंपणाला लागूनच रखमाबाईंचं घर. पंच्याहत्तरीच्या रखमाबाईंनी काही न विचारता माळ्यावरचे लग्नातले दोन मोठे टोप काढून दिले. लाकडंही दिली. मुलांनी टोमॅटो धुतले, उकडले, गाळले. एका टोपात सॉस आटू लागला, दुसऱ्यात बाटल्या उकळू लागल्या. धुराने सगळ्यांचे डोळे लाल झाले.

अकरा वाजता देवरामशेठच्याच गाडीतून साहेब उतरले. शेठ चुलींकडे बघत राहिले.

"हे काय चाललंय?"

"प्रॅक्टिकल," जया म्हणाली.

शेठ साहेबांकडे वळले. "बघितलंत ना? लॅबला कुलूप, आत लाइट नाही. मी तुम्हाला गाडीत तेच सांगत होतो. साठ वर्षांपूर्वी इथल्या पोरांना भातशेती शिकवायला ही शाळा काढली. तेव्हा ते ठीक होतं. आता शेती राहिलीय कुठे? कल्याणपासून इथपर्यंत टॉवर झाले सगळे."

"टॉवरमधली माणसं जेवत नाय काय?" करिश्मा ढवळता ढवळता बोलली. मुलं हसली. जया हसली नाही. तिने वीतभर लांबीच्या एका नळीच्या काचेवर सॉसचा थेंब लावला आणि ती साहेबांच्या हातात दिली. टोमॅटोची गोडी तपासायला ती सकाळी शेतावर नेलेली, म्हणून कुलपाबाहेर राहिली होती.

"रिफ्रॅक्टोमीटर आहे सर. याला वीज लागत नाही. उजेडाकडे धरून बघा."

साहेबांनी चष्मा वर केला आणि एक डोळा मिटून नळीतून पाहिलं. "अठ्ठावीस."

"सॉस पंचवीस टक्क्यांच्या खाली चालत नाही. त्याहून कमी म्हणजे पातळ."

साहेब बाटल्यांकडे वळले. पहिल्या घाण्यातल्या भरलेल्या बाटल्या मुलींनी कापडावर उलट्या ठेवल्या होत्या. "या उलट्या का?"

"गरम सॉस झाकणाला आतून लागायला पाहिजे, सर," करिश्मा म्हणाली. "तिथले जंतू मरतात. मग सरळ करायच्या."

"कुठे शिकलीस?"

तिने कुलपाकडे बोट दाखवलं. "त्या खोलीत."

साहेबांनी फायलीतला फॉर्म काढला. पहिलाच प्रश्न त्यांनी मोठ्याने वाचला, "प्रयोगशाळा कार्यरत आहे का?" आणि पेन तसंच धरून ते थांबले.

"कुलूप कोणी लावलं, ते लिहायला रकाना असेल तर तेही सांगते," जया म्हणाली.

देवरामशेठ तिच्याजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, तुमची नेमणूक वर्षावर्षाची आहे. जूनमध्ये ऑर्डरवर सही माझी लागते. विसरलात काय?"

"नाही विसरले. जरा सरका, टोप उतरवायचाय."

कुंपणापाशी उभ्या रखमाबाई आत आल्या. शेठनी त्यांना हातानेच थांबवलं. "काकी, हे संस्थेचं काम आहे. तुम्ही घरी जा."

"जाईन." रखमाबाई तिथेच उभ्या राहिल्या. "माझे सासऱ्यानी ही जागा शालेला दिलेली, देवराम. तुना नाय दिली."

 टोपात सॉस रटरटत होता. एक थेंब उडून करिश्माच्या मनगटावर पडला. तिने तो एप्रनला पुसला, पण ढवळणं थांबवलं नाही.

साहेबांनी फॉर्म गुडघ्यावर ठेवून लिहिलं : होय. त्यापुढे बारीक अक्षरात आणखी दोन ओळी लिहिल्या. परत जाताना त्यांनी शेठची गाडी घेतली नाही. स्टेशनपर्यंत रिक्षाने गेले.

जूनमध्ये कोर्सला पुढच्या वर्षाची परवानगी आली. चाळीस जागा. जयाची ऑर्डर मात्र आली नाही.

पहिल्या दिवशी नऊला पाच मिनिटं कमी असताना ती हजेरीपट घेऊन वर्गात शिरली आणि फळ्यावर तारीख लिहिली. देवरामशेठ दारात येऊन उभे राहिले. त्यांच्यामागे व्हरांड्यात नवी मुलं थांबली होती, दप्तरं छातीशी धरून.

"मॅडम, तुमची ऑर्डर निघालेली नाही."

"माहितीये मला." जयाने खडू खाली ठेवला. "तुम्ही दारातून बाजूला व्हा, शेठ. मुलांना आत यायचंय."