प्लास्टरवाली खेळाडू

आमच्या यवतमाळच्या कॉलेजात खेळाडूले होस्टेल फुकट, पन नियम असा, वर्षातून एक तरी मॅच खेळलीच पायजे. तांड्यावरच्या ममताचा हात कबड्डीच्या सरावातच मोडला, शेवटची मॅच आली तरी प्लास्टर तसंच. होस्टेल गेलं तं शिक्षन गेलं. मी मैदानावर चुन्याच्या लाइनी मारतो, तिथंच बसलो होतो. लीड भेटली का तिले उतरवू, असं टीमचं ठरलं, भेटलीच नाही. बरोबरीवर, शेवटच्या मिनिटाले कॅप्टननं तिले आत घेतलं. पंच भडकला, "हे खेळन काय?" कॅप्टन म्हने, "पाय तं शाबूत हायेत!" समोरच्या उमरखेडच्या टीमची पोरगी कबड्डी कबड्डी करत आली. नियम तिच्याही कॉलेजात तोच. प्लास्टर पाहून तिनं ममताच्या दुसऱ्या खांद्याले नुसतं बोट लावलं. आम्ही एका पॉइंटानं हारलो. उमरखेडवाली पंचाले म्हने, "हिचं नाव नीट लिवा, सर. खेळली हे."