सोन्याचा कण

नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी ज्वालामुखीचा एक काळा दगड लोखंडी खलात कुटला आणि त्याच्या भुकटीत चक्क सोन्याचा अंश निघाला. शोधनिबंध छापून आला, नाव झालं, स्वतःची प्रयोगशाळा मिळाली.

पुढची एकतीस वर्षं ते त्याच डोंगराचे दगड आणून कुटत राहिले. गुडघे गेले, पाठ गेली, पण सोन्याचा कण काही पुन्हा दिसला नाही. "डोंगर पोखरून लोकांना निदान उंदीर तरी मिळतो," असं ते स्वतःच म्हणायचे, म्हणजे इतरांना म्हणावं लागू नये.

निवृत्तीच्या दिवशी घरी आले ते बूटही न काढता खुर्चीत बसले.

"एकदाच तोंड दाखवलं गं त्यानं. बाकी जन्मभर नुसते दगड."

बायकोनं कपाटातून एक छोटी डबी आणून त्यांच्या हातावर ठेवली.



"जाऊ द्या हो. आता ही लग्नातली अंगठी तरी घाला बोटात. पहिल्याच वर्षी दगड कुटता कुटता पार खरवडून आणलीत, म्हणून तेव्हापासून मीच काढून ठेवली होती."