रुळांवरचं भडंगाचं दुकान

“कुणाचा विश्वास बसायचा नाही,” पारिसअण्णा गिऱ्हाइकांना रंगून सांगत होते, “परवा आपलं भडंगाचं दुकान स्टँडसमोर होतं. आज थेट मागं, कृष्णाकाठी.”

सांगलीतली दुकानं आता रुळांवर होती. इंटरनेटच्या शोधात जसा नंबर, तशी जागा. उद्याच्या बाजाराआधी पुढं जायलाच हवं होतं.

“जुगाराच्या तीनशे वेबसाइटींनी आपल्या दुकानाची लिंक लावली. वाईट संगत दिसली, नंबर घसरला. काम त्या भडंगवाल्या कुंभोज्याचं. पण मी नंबर देणाऱ्या कंपनीला एकेकाचं नाव घेऊन कळवलं, ही आपली माणसं नव्हेत.”

फरशी थरथरली. दुकान चार हात पुढं सरकलं. अण्णांनी आनंदानं सगळ्यांच्या हातावर भडंग ठेवलं.

“कुंभोज्याला कशाला बोल लावताय?” चाळण हलवता हलवता बायको म्हणाली. “नंबर वर जावा म्हणून, एकावर दोन फुकट बघून त्या लिंका तुम्हीच विकत घेतल्या होत्या की.”