जावयाची पारख

मंचरचा धनराज तीन पत्ती खेळतो, अशी कुजबुज जुन्नरच्या केवलचंद शेटजींच्या कानावर आली होती. लेकीला असलं स्थळ नको, म्हणून त्यांनी परीक्षाच घ्यायची ठरवली. धनराज वडिलांना घेऊन कंचनला बघायला आला, तेव्हा पोहे झाल्यावर शेटजींनी सहज म्हणून पत्ते काढले आणि पैशांऐवजी सगळ्यांपुढं सुपारीची खांडं वाटली.

पहिल्याच डावात धनराजनं तीन एक्के हातात असताना डाव सोडला आणि पानं उघडीच खाली टाकली. पोरगा अगदीच कोरा निघाला म्हणून शेटजींना हायसं वाटलं, पण ते तीन एक्के काही त्यांना बघवेनात.

"अहो पावणं, असली पानं टाकतात व्हय? चांगली पानं आली की चाल हळूहळू वाढवायची, समोरचा पळाला नाय पायजे. पानं फालतू असली की मात्र धडाक्यानं लावायचं. आन् समोरचा कान खाजवायला लागला की समजायचं, त्याच्याकडं कायबी न्हाई."

व्याह्यांनी कानावरचा हात हळूच खाली घेतला.

"पोरगी दाखवताय का त्यांना शिकवणी लावताय?" आतून शेटजींच्या बायकोनं, कस्तुरबाईंनी विचारलं. पण शेटजींची शिकवणी दिवेलागणीपर्यंत चालली. जावई पास झाल्याच्या आनंदात त्यांनी दुसऱ्या दिवशी पेढेही सांगून ठेवले.

चौथ्या दिवशी मंचरहून पोस्टकार्ड आलं.

"मुलगी पसंत आहे. पण इतका मुरलेला जुगारी व्याही आम्हाला झेपायचा नाही."